लाल बटण आणि भली माणसं

"बाहेर पड!" मॅलकी गरजला. "ज्या वाटेनं आलास त्याच वाटेनं बाहेर पड! या घरात लेकरं झोपतात. इथं तुझं काय काम?"

बर्नीकाकूंच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लिसकेरीच्या नव्या वसाहतीतली निम्मी माणसं कोट न काढताच उभी होती, कारण घर थंडगार होतं. गरम पाण्यानं खोली तापवणारा भिंतीवरचा रेडिएटर खाली कोमट आणि वर बर्फासारखा. मॅलकी त्याच्यासमोर गुडघे टेकून बसला होता. डावा हात छताकडे उचललेला, बोटं थरथरत होती. उजव्या हातातली जपमाळ त्यानं रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्याशी धरली होती.

"सातव्या मुलाचा सातवा मुलगा तुला हुकूम देतोय!"

आणि मग तो आवाज आला. सूऽऽस्स! बारीक, लांबलचक, कुणीतरी दातांतून श्वास सोडावा तसा. बायकांनी छातीवर क्रूस काढला. बर्नीकाकू भिंतीला टेकल्या. आवाज थांबला, मॅलकीनं कपाळ पुसलं, आणि दहा-पंधरा मिनिटांत रेडिएटर वरपर्यंत इतका तापला की हात ठेववेना.

"गेला," मॅलकी म्हणाला. "हट्टी होता. चहा आहे का?"

दारात औषधांची बॅग घेऊन नोरीन उभी होती. ती या भागातली फिरती नर्स. बर्नीकाकूंच्या पायाची जखम बांधायला आली होती आणि हा सोहळा तिच्या वाट्याला आला होता. सगळे मॅलकीच्या डाव्या हाताकडे बघत होते, तेव्हा तिचं लक्ष खाली गेलं. रेडिएटरच्या कोपऱ्याखाली भिंतीवरून तपकिरी पाण्याचा एक ओघळ उतरला होता.

"भुताला घाम फुटलेला दिसतोय," ती म्हणाली.

"नर्सबाई, थट्टा नको," मॅलकी रुमालानं उजवा हात पुसत म्हणाला. "ही वसाहत कशावर उभी आहे ते विसरू नका."

ते कुणीच विसरलं नव्हतं. इथं पूर्वी एक जुनं गोल टेकाड होतं, कडेनं काटेरी झाडं होती. तिथं 'भली माणसं' राहतात असं सगळे म्हणत. त्यांना भलं म्हणायचं ते भीतीपोटी, कारण ती दिसत नाहीत आणि ऐकतात मात्र सगळं. बिल्डरनं टेकाड सपाट केलं, घरं बांधली, आणि पुढं त्याचं दिवाळं निघालं. लोकांना एवढा पुरावा पुरेसा होता. घरं गरम होत नव्हती, नळ्या रात्रंदिवस गुरगुरत होत्या. बिल्डरनं स्वस्तातलं काम केलं असेल, असं म्हणण्यापेक्षा टेकाडातली माणसं ऊब पळवतात हे म्हणायला सोपं होतं. मॅलकी सातव्याचा सातवा; मधे मुलगी न होता जन्मलेल्या अशा मुलाच्या हाताला गुण असतो, असं लोक मानत. मधे दोन बहिणी झाल्या होत्या, पण त्यांना कुणी मोजत नसे.

नोरीननं जखम बांधली आणि चार घरं पलीकडे आपल्या बहिणीकडे गेली.

ग्रॉनियानं दार उघडलं. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. नवरा टोमास आठवडाभर लॉरीवर असे, त्यामुळे म्हाताऱ्या आईचं, मॅमीचं, सगळं तिच्याच गळ्यात. मॅमी स्वयंपाकघरात खुर्चीत पेंगत होती.

"झोपू दे तिला," ग्रॉनिया म्हणाली. "हल्ली फार झोपते. पण गालांवर लाली बघ कशी आलीय."

नोरीननं आईचा हात हातात घेतला. ताप नव्हता. नाडी जलद होती. "मॅमी, कसं वाटतंय?"

"डोकं," मॅमी पुटपुटली. "डोक्यावर कुणीतरी बसलंय."

"डोकं माझंही दुखतं," ग्रॉनिया म्हणाली. "सकाळी तर ओकारी येते. साथ असेल. चर्चमधे मिस्साला गेले की मात्र बरं वाटतं. देवाची कृपा, दुसरं काय. घरी आले की पुन्हा सुरू."

"कधीपासून?"

"फेब्रुवारीत, संत ब्रिजिडच्या सणापासून. साधारण तेव्हाच मॅलकीनं आपलं घर बांधून दिलं."

"बांधून म्हणजे?"

ग्रॉनिया उत्तर देणार तेवढ्यात मागच्या छोट्या खोलीतून धप्पकन आवाज आला. कपाटातल्या बश्या वाजल्या.

"हे काय होतं?"

"बॉयलर. रेडिएटरचं पाणी तापवता तापवता अधूनमधून विझतो आणि लाल दिवा लागतो. मग मॅलकी येतो, प्रार्थना म्हणतो आणि तो पेटतो. पेटताना जरा असा दणका देतो."

"ग्रॉनिया, रॉकेलवर चालणारं यंत्र आहे ते. त्याला मेकॅनिक लागतो, प्रार्थना नाही. बघू दे मला."

ग्रॉनिया दाराला पाठ लावून उभी राहिली. "नाही. परक्यानं हात लावला तर ती माणसं बिथरतील असं त्यानं बजावलंय."

"मी परकी?"

"मग कोण? तू येतेस, बी.पी. बघतेस, सल्ला देतेस आणि गाडीत बसून जातेस. रात्री मॅमी कण्हते तेव्हा कोण उठतं? मॅलकी तरी हाक मारली की येतो!"

त्यातलं बरंचसं खरं होतं. बॅग उचलून ती निघाली. रागाच्या भरात गाडी चढावर नेली. वळणाशी पोचेपर्यंत मात्र राग निवला होता आणि त्याच्या जागी वेगळंच काहीतरी येऊन बसलं होतं. साथ असेल तर ताप हवा. घरातल्या सगळ्यांचं डोकं दुखतं, बाहेर पडलं की थांबतं, परत आलं की दुखतं. गालांवर लाली. अशी साथ तिनं कधी पाहिली नव्हती. पण अशी माणसं तिनं पाहिली होती, हॉस्पिटलात शिकत असताना. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेलं एक जोडपं होतं. त्यांचेही गाल असेच छान लाल होते.

तिनं तिथल्या तिथं गाडी वळवली. वळवता वळवताच अँब्युलन्सला फोन लावला.

ती पोचली तेव्हा बहिणीच्या स्वयंपाकघरात गर्दी जमली होती. बॉयलर पुन्हा विझला होता, आणि बर्नीकाकूंकडची मंडळी चहा अर्धवट टाकून मॅलकीच्या मागोमाग आली होती. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पांढऱ्या पेटीवर लाल दिवा जळत होता आणि मॅलकी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडत होता.

"हे अंधाराच्या पोरा, तुझं थंड बूड उचल इथून! ऊब दे, ऊब दे, ऊब दे!" प्रत्येक 'ऊब'बरोबर त्याचा अंगठा लाल दिव्याच्या बटणावर टेकत होता. आत काहीतरी घरघरलं आणि बंद पडलं. त्यानं पुन्हा अंगठा दाबला. पुन्हा घरघर. मग धडाम! पेटीच्या सांध्यांतून काजळीचा ढग बाहेर आला. लोक मागे सरले आणि लगेच टाळ्या वाजल्या.

"पेटला!"

नोरीनचं लक्ष भिंतीकडे होतं. छताजवळ हवा आत येण्यासाठी ठेवलेला जाळीचा झरोका होता. त्यात पांढऱ्या कापडाचा बोळा गच्च कोंबलेला होता.

"ते फडकं कशाचं आहे?"

"ब्रिजिडचं फडकं," ग्रॉनिया म्हणाली. "सणाच्या आदल्या रात्री तिचा आशीर्वाद मिळावा म्हणून दवात ठेवलेलं. ते भोक टेकाडाच्या बाजूला तोंड करून आहे ना. मॅलकी म्हणाला, तिथूनच ती माणसं आत येतात, ते बंद केलं की घर बांधलं."

"आणि टोमासनं भिंतीवर लावलेला विषारी वायूचा अलार्म कुठं गेला?"

"सारखा किंचाळायचा गं. मॅलकी म्हणाला, तो अलार्म नव्हे, तीच रडताहेत. शेडमधे टाकलाय." बोलता बोलता ग्रॉनिया स्वतःच थबकली.

नोरीननं भिंतीवरचा स्विच बंद केला. बॉयलर घरघरत थांबला. तिनं मागचं दार सताड उघडलं, मग खिडकी, मग दुसरी खिडकी. थंड वारा घरात घुसला.

"अगं बाई, दारं उघडलीस तर ती आत येतील!" मॅलकी किंचाळला.

"येऊ देत. येताना हवा घेऊन येतील. सगळे बाहेर! आत्ताच्या आत्ता!" मग ती आईकडे वळली. "मॅमी, ऊठ. मॅमी!"

मॅमी उठली नाही. मान एका बाजूला कलली होती. नोरीननं आणि ग्रॉनियानं तिला खुर्चीसकट उचलून बाहेर ओल्या गवतावर आणलं. ग्रॉनिया आईचे हात चोळत रडत होती आणि "मी फक्त ऊब मागितली होती, फक्त ऊब," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. अँब्युलन्स आली, पाठोपाठ अग्निशमन दलाची माणसं आली. त्यांच्यातला एकजण हातात वायू मोजायचं मीटर घेऊन घरात शिरला आणि मीटर लगेच ओरडायला लागलं. घर उघडं होऊन बराच वेळ झाला होता, तरीही.

पुढच्या आठवड्यात नोरीननं बर्नीकाकूंच्या त्याच खोलीत सगळ्यांना बोलावलं. मॅलकीही आला. येणार नाही असं वाटलं होतं, पण आला आणि दाराजवळ टोपी हातात धरून उभा राहिला.

नोरीननं खिशातून एक छोटी पितळी किल्ली काढली. "ही हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवरच मिळते, च्युइंगगमच्या शेजारी. बर्नीकाकू, तुमच्या वरच्या खोलीतला रेडिएटर अजून थंड आहे ना? चला. मला मंत्र येत नाही, तेव्हा मी बाजाराची यादी म्हणते."

सगळे जिन्यावर दाटीवाटीनं उभे राहिले. नोरीननं रेडिएटरच्या कोपऱ्यात किल्ली बसवली आणि गंभीर आवाजात सुरू केलं, "बटाटे! कोबी! बेकन!"

सूऽऽस्स!

कुणीतरी खुदकन हसलं. मग तपकिरी पाण्याचे चार थेंब उडाले आणि तिनं किल्ली फिरवून झडप बंद केली.

"नळीत हवा अडकली की गरम पाणी वर चढत नाही. हवा सोडली की चढतं. ते गुरगुरणंही हवेचंच. तुम्ही कुणीही हे करू शकता. मॅलकी, तुमची जपमाळ दाखवता?"

मॅलकीनं जपमाळ पुढं केली. संतांच्या पदकांच्या घोसात, क्रूसाशेजारी, तशीच किल्ली लोंबत होती.

"तरुणपणी परदेशात, कॉव्हेंट्रीत, प्लंबरच्या हाताखाली होतो," तो खाली बघत म्हणाला. "परत आलो तर कुणी दारात उभं करीना. सातवा मुलगा म्हटलं की खुर्ची मिळायची, चहा मिळायचा. रेडिएटरचं मला ठाऊक होतं. बॉयलरचं नाही. मी नुसता दाबत होतो. तो पेटायचा, लोक रडायचे, माझे हात धरायचे. मग मलाच वाटायला लागलं, की माझ्या हातात काहीतरी आहे."

शिव्या देण्याच्या तयारीनं आलेल्यांनीही माना खाली घातल्या, कारण टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या.

"पण नर्सबाई," मागून एक म्हातारा म्हणाला, "बॉयलर विझत होता तो कशानं? काहीतरी असणारच ना."

"होतंच. आगीला जळायला हवा लागते. आपण झरोका बंद केला. हवा पुरेना, म्हणून रॉकेल नीट जळेना, काजळी धरली, आणि त्या धुरातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू घरात साठत गेला. त्याला वास नाही, रंग नाही. ज्योतीवर नजर ठेवणारा काचेचा डोळा आत असतो, तो काजळीनं आंधळा झाला. ज्योत दिसेना, तेव्हा यंत्र स्वतःहून थांबलं आणि त्यानं लाल दिवा लावला. म्हणजे ते सांगत होतं, काहीतरी चुकलंय, मला बघा. आपण त्याचं तोंड दाबलं. प्रत्येक दाबण्याबरोबर न जळलेलं रॉकेल आत साचलं, म्हणून ते धडाम. अलार्म ओरडला, त्याला शेडमधे टाकलं. डोकं दुखलं, त्याला साथ म्हटलं. विचारायला हवं होतं ते एकच, का? ते सोडून आपण सगळं केलं."

"आणि टेकाडातली माणसं?" बर्नीकाकूंनी हळूच विचारलं.

"असतील तर असोत. झरोका त्यांनी बंद केला नव्हता."

मॅमी महिनाभरानं हॉस्पिटलातून घरी आली. नवा बॉयलर बाहेरच्या शेडमधे बसला होता, अलार्म परत भिंतीवर लागला होता. ग्रॉनियानं सूप केलं होतं. मॅमी खिडकीशी बसून दोघी मुलींकडे आळीपाळीनं बघत होती.

"मॅलकीनं प्रार्थना केली म्हणून वाचले मी," ती म्हणाली.

"नाही मॅमी," नोरीन म्हणाली. "दारं उघडली म्हणून वाचलीस."

मॅमीनं तिच्याकडे प्रेमानं, खूप वेळ पाहिलं. "गोड आहेस गं. कुणाची मुलगी तू?"

ग्रॉनिया उठून स्वयंपाकघरात गेली. नोरीननं आईचा हात धरला आणि तिला आपलं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते की त्या वायूनं पुसलेल्या आठवणींतलं काही परत येईल, काही येणार नाही.

आता नोरीन ज्या घरी जाते तिथं बी.पी.चा पट्टा गुंडाळता गुंडाळता एक गोष्ट न चुकता सांगते. कुणी कंटाळतं, कुणी हसतं, ती थांबत नाही.

"बॉयलर विझला तर बटण एकदा दाबा. पुन्हा विझला तर हात लावू नका. स्विच बंद करा. डोकं जड वाटत असेल किंवा अलार्म ओरडला तर दारं उघडून सगळ्यांना घेऊन बाहेर या. झरोका कधी बुजवू नका, कुणीही सांगितलं तरी. आणि ज्यानं ते यंत्र शिकून घेतलंय, त्यालाच बोलवा. तो येईपर्यंत थंडी वाजेल. वाजू द्या."