साहेबांच्या कपाटातून सुटलेली कादंबरी

मी कादंबरी बोलतेय. निळ्या कापडी बांधणीची, पाठीवर सोनेरी नाव मिरवणारी. बोटीने ऑस्ट्रेलियात आले आणि ब्रोकन हिलला, खाणीच्या साहेबांच्या क्लबात, काचेच्या कपाटात जाऊन बसले.

माझी नायिका परटिणीची मुलगी. तिला गाण्याचं वेड. पण नाट्यगृहात तिच्यासारखीला कोण घेणार? मागच्या गल्लीत उभं राहून, भिंतीला कान लावून ती ऐकायची. क्लबातल्या मडमा मला एकमेकींना वाचून दाखवत आणि हळहळत. त्यांना चहा देणारी ऊना, एका खाणकामगाराची बायको, सगळं ऐकत असायची.

एकदा तिने मॅनेजरच्या बायकोला विचारलं, "बाईसाहेब, ही मी घरी नेऊ का वाचायला?"

"अगं, पुस्तकं सभासदांसाठी असतात. तुला कुठे वेळ असतो?"

"वेळ काढीन की."

बाईसाहेब हसल्या आणि त्यांनी कपाटाला कुलूप लावलं.

पुढे माझी शिवण उसवली. क्लबाने मला चूल पेटवायला स्वयंपाकघरात धाडलं. मी घाबरून गेले होते. ऊना मला घेऊन थेट दिवाणखान्यात गेली.

"बाईसाहेब, आता ही सभासदांची नाही ना?"

"नाही," त्या म्हणाल्या. ऊनाने मला सर्वांदेखत घरी नेलं.

कामगारांच्या सभागृहात बायका शिवणकामाला जमत. तिथे ऊना मला मोठ्याने वाचू लागली. पुरुष म्हणाले, "आता जेवण कधी मिळायचं?"

पेगकाकू, अक्षरओळख नसलेली म्हातारी, म्हणाली, "उशीर झाला तर समजा, गोष्टीतली पोरगी संकटात आहे."

शेवटी माझी नायिका श्रीमंताशी लग्न करून नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसते. क्लबात या पानावर रुमाल ओले व्हायचे. इथे सुया थांबल्या.

"मग गल्लीत आता कोण उभं असतं?" पेगकाकूने विचारलं.

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यावरून बायका कडाकडा भांडल्या, आणि भांडता भांडता ठरलं, की पुस्तकांच्या बाहेर तरी कुणी उभं राहायला नको; मग सभागृहात सगळ्यांसाठी पुस्तकांचं एक कपाट आलं. त्याला काच नाही, कुलूप नाही. त्यातलं पहिलं पुस्तक मी.

आज माझं सोनेरी नाव पुसलंय, अंगाला साबणाचा वास आहे. हाताळून हाताळून शेवटचं पान गळून गेलं. आता प्रत्येक जण आपापला शेवट सांगतो. कुणाची नायिका गल्लीतल्यांसाठी नाट्यगृहाचं मागचं दार उघडते, कुणाची गल्लीतच गायला उभी राहते. इतकं भाग्य कोऱ्या करकरीत पुस्तकांना कुठलं?

इकडे आलात तर मला हातात घ्या. शेवट मात्र तुम्हालाच सांगावा लागेल.