काचपेटीतली सूचना

गुरुवारची कॉफी साडेतीनला म्हणजे साडेतीनला. रोझविटा प्लाटे एकदा चार मिनिटे उशिरा आली होती आणि ते तिला अजून ऐकावे लागते. हिल्डेसहाइममधल्या एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर वालबुर्गाबाई टीडेमान यांचे घर. तिथे दर गुरुवारी तिघी मैत्रिणी जमत, आलुबुखाराचा केक कापला जाई आणि मग रोझविटा शहरातल्या वर्तमानपत्राचे ग्राहकांसाठीचे पान मोठ्याने वाचून दाखवी. बातमी ऐकून निकाल देण्याचे काम मात्र वालबुर्गाबाईंचे. त्यांनी जमीन नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षे काढली होती. कागद कसा वाचावा हे आपल्याइतके या शहरात कोणाला कळत नाही, असे त्यांचे मत होते, आणि तिसरी मैत्रीण इरमट्राउड केंके हिच्यासकट सर्वांनी ते मान्य केले होते.

त्या दिवशी आधी छपाईयंत्रांची बातमी झाली. दुसऱ्या कंपनीची शाई घातली की यंत्र म्हणे संपच पुकारते. ज्याने यंत्र विकले त्याला गिऱ्हाइकाच्या घरात पुन्हा बोट घालायचा अधिकार नाही, असा निकाल वालबुर्गाबाईंनी दिला. मग दुकानांतल्या गल्ल्यावरची माणसे काढून यंत्रे बसवण्याचा विषय निघाला. आपण कोणाच्या दुकानात फुकट नोकरी करणार नाही, असे सांगून त्यांनी केकचा दुसरा तुकडा वाढला. सगळे नेहमीसारखे चालले होते.

"ही बघ, अजून एक," रोझविटा चष्मा सावरत म्हणाली. "आपल्याच शहरातली आहे. एक माणूस घरोघरी फिरतोय. इमारतीच्या व्यवस्थापनाने परवानगी दिली आहे, सगळ्या इमारतीला फोन-इंटरनेटसाठी फायबरची नवी जोडणी मिळणार, असं सांगतो. मग पडद्यावर बोटाने सही घेतो. मी येऊन गेलो एवढ्यापुरतीच, म्हणतो. आणि तो असतो करार."

"लोक वाचत का नाहीत सही करण्याआधी?" इरमट्राउड म्हणाली. हे वाक्य मुळात वालबुर्गाबाईंचेच होते. इतक्या वर्षांत ते तिच्या तोंडी बसले होते.

रोझविटा पुढे वाचत होती. व्यवस्थापनाने असली कसलीही परवानगी दिलेली नाही. इमारतीच्या दारात बनावट सूचना लावल्या जातात. सही केल्यापासून चौदा दिवसांच्या आत लेखी कळवले तर करार रद्द होतो. आणि शेवटी, ज्या वृद्धांकडे मदतीला हाक मारण्याचे बटण आहे त्यांनी विशेष जपावे, कारण फोनच्या जुन्या तारेवरून काढलेले ते यंत्र मुके होऊ शकते.

वालबुर्गाबाईंनी कप बशीत ठेवला. त्याचा आवाज झाला. त्यांच्या घरात कपाचा आवाज होत नसे.

खाली दारातल्या काचपेटीची किल्ली वालबुर्गाबाईंकडे होती. जिना धुण्याच्या पाळ्या, धुराडे साफ करणाऱ्याच्या भेटीची तारीख, मीटर वाचायला येणाऱ्याची वेळ, जे जे त्या काचेमागे लागे ते इमारतीचा कायदा होई. धुराडेवाल्याचा दिवस असला की लोक दवाखान्याची वेळ बदलून घेत, पण घरी थांबत. करड्या कोटातला तो अदबशीर गृहस्थ आला तेव्हा त्याने आधी त्यांचीच घंटा वाजवली होती. पेटीची किल्ली आपल्याकडे असते असे कळले, म्हणाला. कागदावर शिक्का होता, तारीख होती, खाली 'व्यवस्थापनाच्या संमतीने' असे छापले होते. वालबुर्गाबाईंना खटकली ती एकच गोष्ट: कागदाची डावी कड तिरकी कापलेली होती. त्यांनी ती कात्रीने सरळ केली, चारही कोपऱ्यांना टाचण्या लावल्या आणि पेटीला कुलूप घातले. संमती देणाऱ्याचे नाव कुठेच नव्हते. बिननावाचा कागद त्यांनी कार्यालयात एकतीस वर्षे दारातूनच परत पाठवला होता.

स्वतः त्यांनी सही केली नव्हती. आपला जुना फोन आपल्याला पुरतो, असे सांगून त्यांनी त्या गृहस्थाला वाटेला लावले होते. पण चौथ्या मजल्यावरचे गिस्बर्ट ओल्कर्स जिन्यात थांबून विचारायला आले होते, करावी का सही? आणि त्या म्हणाल्या होत्या, "पेटीत सूचना आहे ना, ओल्कर्ससाहेब? मग विचारता काय?"

ओल्कर्स चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांच्या गळ्यात मदतीचे लाल बटण असे.

ओल्कर्सांनी सही केली तो दिवस गुरुवार होता, दोन आठवड्यांपूर्वीचा. वालबुर्गाबाईंनी टेबलाखाली बोटांवर मोजले, मग पुन्हा मोजले. चौदावा दिवस आजचा होता.

"वालबुर्गा, तुझं काय मत?" रोझविटाने विचारले. दोघी वाट पाहत होत्या. मत तयारच होते, वर्षानुवर्षे वापरून गुळगुळीत झालेले, आणि आज ते त्यांनाच लागू होत होते.

"मला जरा वर जाऊन यायचं आहे," त्या म्हणाल्या आणि उठल्या. यजमानीण भरल्या टेबलावरून उठून जाते हे त्या घरात कधी घडले नव्हते. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

चौथ्या मजल्यावर त्यांनी घंटा वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली. आत रेडिओ चालू होता, कोणी तरी हवामान सांगत होते. अठ्ठावीस वर्षे दोघे एका जिन्याने चढत-उतरत होते आणि अजून एकमेकांना अहोजाहो करत होते. ओल्कर्सांच्या घराची जादा किल्ली वालबुर्गाबाईंच्या एप्रनच्या खिशात होती, पण ती त्यांनी एकदाही वापरली नव्हती. किल्ली विश्वासाने ठेवायला दिलेली असते, वापरायला नव्हे. त्यांनी दाराला कान लावला. आपण बाईमाणूस असून जिन्यात दाराला कान लावून उभ्या आहोत, हे त्यांच्या मनातही आले नाही. ते आत पडले असतील तर? किती वेळ झाला असेल? त्यांनी किल्ली बाहेर काढली, ती कुलपात घातली, आणि तेवढ्यात दार आतून उघडले.

"टीडेमानबाई," ओल्कर्स म्हणाले. ते भिंतीला धरून उभे होते. डाव्या कोपरापासून मनगटापर्यंत हात जांभळा-पिवळा झाला होता. "माफ करा, हल्ली दारापर्यंत यायला वेळ लागतो."

हाताला काय झाले, हे त्यांनी विचारले. उत्तर ऐकण्याची त्यांची इच्छा नव्हती.

ओल्कर्सांनी शांतपणे सांगितले. सोमवारी नव्या कंपनीचा जोडणीचा डबा टपालाने आला, सोबत छापील पत्रक होते. ओल्कर्सांचे आयुष्य छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेले होते आणि छापलेल्या ओळीवर त्यांची श्रद्धा होती. पत्रकात लिहिले होते, सगळी यंत्रे जुन्या खोबणीतून काढून नव्या डब्याला जोडा. त्यांनी क्रमाने, एकेका आकड्याप्रमाणे जोडली. मंगळवारी सकाळी न्हाणीघरात पाय घसरला. टब आणि धुलाईयंत्र यांच्या मध्ये ते पडले. बटण दाबले.

"कोणी बोललंच नाही. मी दाबत राहिलो. मग वाटलं, बोटात जोर नसेल, आपल्यालाच नीट दाबता येत नसेल. चर्चची बाराची घंटा झाली तेव्हा कसाबसा टबाच्या काठाला धरून उठलो."

"किती वाजता पडलात?"

"सात वाजले असतील."

पाच तास. आणि त्या मंगळवारी त्या बरोबर दोन मजले खाली बसून मटार सोलत होत्या.

"मला सांगायचं नाही का?"

"तुम्हाला कशाला त्रास?" ते म्हणाले. "आणि तुम्हीच तर म्हणाला होतात. तेव्हा चूक माझीच असणार."

त्या वाक्यात टोमणा नव्हता. असता तर वालबुर्गाबाईंना ते सोपे गेले असते.

नवा डबा चपलांच्या कपाटावर ठेवला होता आणि त्यावर एक तांबडा दिवा मिचमिचत होता. वालबुर्गाबाई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी कपाट ओढून बाजूला केले, मदतीच्या यंत्राची तार डब्यातून उपसली आणि भिंतीतल्या जुन्या खोबणीत घातली. काही झाले नाही. त्यांनी तार काढली, पदराने पुसावी तशी एप्रनच्या टोकाने पुसली आणि पुन्हा घातली. यंत्रावर हिरवा ठिपका आला.

"दाबा," त्या म्हणाल्या.

ओल्कर्सांनी दाबले. यंत्रातून लांबवर घंटी वाजू लागली. एकदा, दोनदा, तीनदा. दोघे त्या पांढऱ्या पेटीकडे टक लावून पाहत होते. सातवी घंटी झाली आणि वालबुर्गाबाईंना वाटले, जुनी तारही नव्या कंपनीने तोडली असेल, मग काय? मग एका बाईचा आवाज आला.

"ओल्कर्ससाहेब, काय झालं? पडलात का?"

"नाही," ओल्कर्स म्हणाले. "आज नाही. मंगळवारी पडलो होतो."

"मंगळवारी?" पलीकडच्या बाईने विचारले.

पत्र वालबुर्गाबाईंनी तिथेच स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहिले. जोडणीच्या कराराला माझी संमती मी मागे घेत आहे. नाव, पत्ता, करार झाल्याची तारीख. त्यांना आणखी बरेच लिहायचे होते, पण कारण देणे गरजेचे नाही असे बातमीत होते, आणि त्या दिवशी त्या बातमी सांगेल तेवढेच लिहीत होत्या. ओल्कर्सांनी छापील अक्षरासारखी सही केली. घड्याळात सव्वापाच झाले होते.

टपालाची खिडकी वळणावरच्या वह्या-पेनांच्या दुकानात मागच्या बाजूला होती आणि सहाला बंद होई. वालबुर्गाबाई एप्रनवर कोट चढवून निघाल्या, आणि एप्रन कोटाखालून दिसत आहे हे त्यांना चौकात आल्यावर कळले. दुकानात रांग होती. नऊ माणसे, प्रत्येकाच्या हातात खोका. मागवलेले बूट, मागवलेले पडदे, न आवडलेले सगळे परत चालले होते. एकेका खोक्याला खिडकीवरची बाई चिकटपट्टी मागे, आणि ती कोणाकडेच नसे. पाच पन्नास झाले तेव्हा वालबुर्गाबाईंच्या पुढे अजून चार जण होते.

रांग मोडणाऱ्याला वालबुर्गाबाई आयुष्यभर नजरेने जागच्या जागी उभे करत आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी स्वतः पुढच्या माणसाच्या खांद्याला हात लावला आणि आपल्याला आधी जाऊ देण्याची विनंती केली.

"घाई सगळ्यांनाच आहे, आजी," तो म्हणाला आणि बुटांचा खोका दुसऱ्या हातात घेतला. मागे कोणी तरी हसले.

"मी एक सूचना नीट न वाचता लावली," वालबुर्गाबाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "ती वाचून एका म्हाताऱ्या माणसाने सही केली. त्यामुळे तो पाच तास जमिनीवर पडून राहिला. हे पत्र आजच गेलं पाहिजे, आणि चूक माझी आहे. त्याची नाही."

बुटांचा खोका बाजूला सरकला, मग पुढचे तिघेही सरकले.

खिडकीवरच्या बाईने पत्र रजिस्टर केले आणि पावतीवर शिक्का मारला. वालबुर्गाबाईंनी शिक्का पाहिला, तारीख पाहिली, मग खिडकीत उभ्याउभ्या सगळी पावती पहिल्या ओळीपासून वाचून काढली.

इमारतीपाशी परतल्या तेव्हा दारात रोझविटा उभी होती, कोट घालून. इरमट्राउड भांडी घासून ठेवून घरी गेली होती. रोझविटा काचपेटीतला कागद वाचत होती.

"हीच ना ती?" तिने विचारले.

"हीच."

"आणि किल्ली तुझ्याकडे."

वालबुर्गाबाईंनी पेटी उघडली आणि चारही टाचण्या काढल्या. पर्समधल्या वहीचे एक पान फाडून, भिंतीवर टेकवून त्यांनी लिहिले. ही सूचना खोटी होती. ती मी तपासली नाही. ज्यांनी सही केली आहे त्यांनी आज रात्री बाराच्या आत लेखी कळवावे. वालबुर्गा टीडेमान, दुसरा मजला.

"नाव कशाला घालतेस?" रोझविटा हळूच म्हणाली. "'सूचना रद्द' एवढंच लिही. लोकांना काय, कळलं म्हणजे झालं. उद्यापासून जिन्यात तुला कोण विचारणार?"

"बिननावाचा कागद मी एकदा लावला, रोझविटा."

त्यांनी कागद लावला. कड फाटकी होती, ती त्यांनी तशीच राहू दिली. कुलूप लावून त्या तळमजल्यावरच्या पहिल्या दाराकडे वळल्या. या घरातल्या नवरा-बायकोनेही सही केली होती का, त्यांना माहीत नव्हते. तिसऱ्या मजल्यावरच्या विधवा बाईंनी केली होती का, तेही माहीत नव्हते. त्या गृहस्थाने त्या गुरुवारी एकाच दिवसात सगळी इमारत पालथी घातली होती आणि बारा वाजायला जेमतेम साडेपाच तास उरले होते. टपाल बंद झाले होते. पण ज्यांच्याकडे संगणक होता ते त्यावरून कळवू शकतील, आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांचे काय करायचे ते अजून सुचायचे होते.

त्यांनी घंटा वाजवली. आत पावले वाजली. दार उघडायच्या आत बोलायचे वाक्य त्या मनात जुळवत होत्या, आणि ते वाक्य 'मी' पासूनच सुरू होत होते.