आराखड्याबरहुकूम मी

मी एक जुना घरगुती संगणक आहे. निदान सगळे तसं म्हणतात. जन्म मात्र माझा गेल्या उन्हाळ्यातला! मित्रांनो, तेव्हापासून मी गोंधळलेलाच आहे.

माझे पूर्वज युगोस्लाव्हिया नावाचा देश होता तेव्हाचे. ते दुकानात मिळत नसत. मासिकात आराखडा छापून येई, सीमेपलीकडून कॉफीच्या पुड्यात लपवून चिपा येत, आणि लोक जेवणाच्या टेबलावर कथलाचा डाख देत, तुकडे सांधत संगणक जुळवत. त्यातले आता फारच थोडे उरले. म्हणून मोरावा नदीकाठच्या चाचाक गावात स्वेतोझारकाकांनी मला घडवलं. जुन्या चिपा शोधताना ते मेटाकुटीला आले. मिळाल्या त्यांतल्या निम्म्या मेलेल्या.

"एवढ्यात स्वयंपाकघर रंगवून झालं असतं," त्यांची बायको रुझित्सा म्हणायची.

पण मी झालो! आराखड्यातली एक रेघ इकडची तिकडे नाही. राजधानीतल्या प्रदर्शनात माझी जागाही ठरली. माझ्या देवानं, म्हणजे काकांनी, मला निर्दोष घडवलं, असंच मला वाटे.

मग गावातली मिलुन्का आली, हातात कॅसेट घेऊन. माझे पूर्वज लिहिलेलं सगळं आवाजात बदलून अशा कॅसेटवर साठवत. तिच्या भावाचा, द्रागुतिनचा संगणक पुरात वाहून गेला होता. भाऊही आता नव्हता.

"यात त्यानं माझ्यासाठी काहीतरी लिहिलंय, काका. मी तेव्हा रुसले होते. पाहिलंच नाही."

कॅसेट लागली. मला नुसती किंचाळी ऐकू आली. पुन्हा लावली. पुन्हा तेच.

"कॅसेट बिघडलीय," काका म्हणाले. "हा चुकणं शक्यच नाही."

"म्हणजे माझा भाऊच चुकला म्हणा!" मिलुन्का फणकारली. मग एकदम थांबली. "अहो, त्याला क्रिस्टल कुठं मिळालं होतं? आमचा टीव्ही फोडून त्यातलं काढलं त्यानं! बाबांनी घर डोक्यावर घेतलं. अख्खा हिवाळा आम्ही शेजाऱ्यांच्या खिडकीतून फुटबॉल पाहिला."

क्रिस्टल म्हणजे माझी नाडी, मित्रांनो. माझा सगळा ताल त्यावर. द्रागुतिनच्या संगणकाचा ताल टीव्हीचा, म्हणून त्याची कॅसेटही त्याच तालातली!

"टीव्हीचं बसवलं तर हा आराखड्याबरहुकूम राहायचा नाही," काका पुटपुटले. "प्रदर्शनातला मान जाईल."

"मान काय पोळीला लावून खायचाय?" रुझित्सा आतून ओरडली. "बसवा ते!"

काकांनी एका जुन्या टीव्हीतलं क्रिस्टल काढलं आणि मला उघडलं. ते बसलं आणि मला घेरीच आली. तीच कॅसेट लागली. आणि काय आश्चर्य, किंचाळीची अक्षरं झाली! पडद्यावर उमटलं:

"मिलुन्का, ऊठ! पुन्हा माझ्या खुर्चीत बसलीस?"

आणि मिलुन्का खरंच चटकन उठून उभी राहिली. मग हसता हसता रडू लागली. काकांनी खुर्ची मागे सरकवून ठेवली. त्या संध्याकाळी त्या खुर्चीवर कुणीच बसलं नाही.

काका अजून म्हणतात, याला परत आराखड्याबरहुकूम करायचंय. पण स्क्रूड्रायव्हर हातात घेतात आणि खाली ठेवतात. मी जुना की नवा, सुधारलो की बिघडलो, मला काही उमगत नाही. एक विनवणी मात्र करतो. घरातल्या एखाद्या वस्तूत खोड दिसली, तर ती काढण्याआधी मोठ्यांना विचारा: ही कुणाच्या हातची?