पेव हुंगणाऱ्याचं घर

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या किसनरावाला वाडवडलांची जमीन होती, पण पंचक्रोशीत नाव झालं ते नाकामुळं. जमिनीत खणलेल्या पेवाचं तोंड उघडलं, की आतली ज्वारी धड आहे की ओल लागून बुरशी धरली आहे, हे तो नुसता वाकून, हुंगून सांगायचा. लोक त्याला दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, पाठवून बोलावून नेत. तो यायचा, वाकायचा, निकाल द्यायचा आणि चहा पिऊन परत जायचा. निकाल कधी चुकला नव्हता, आणि हे तो कुणाला विसरूही देत नसे.

अशा माणसानं हिंगोलीत घर घेतलं. विटा-चुन्याचं, स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर. विकणारा गुलाबचंद सचोटीचा माणूस. त्यानं आधीच सांगितलं, "किसनराव, घराला ओल आहे. मागाहून म्हणू नका." आता शेतकऱ्याला ओल आहे म्हणून घाबरवणं म्हणजे माशाला पाण्याची भीती घालणं. पेवातली ओल वाईट, हे किसनरावाला कळत होतं. पण ती जमिनीच्या पोटातली. जमिनीच्या वर ओल म्हणजे पेरणी आणि बरकत, असा त्याचा सरळ हिशेब. त्यानं घर हसत हसत घेतलं आणि शहरात चोर फार म्हणून मागच्या दोन्ही खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या.

श्रावणात न्हाणीलगतच्या भिंतीवर काळे ठिपके उठले. किसनरावानं वरून चुना मारला. ठिपके चुन्यातून वर आले. मग त्यानं त्यांच्यावर नागनाथाची तसबीर टांगली. भादव्यात तसबिरीच्या काचेआड नागनाथ हिरवे झाले.

"भिंतीला कुबट वास येऊन राहिला," नर्मदाबाई म्हणाली. ती त्याची बायको, आणि त्या घरात आल्यापासून तिला खोकला जडला होता.

"मला न्हाई येत," किसनराव म्हणाला. "अन् मला येत न्हाई म्हंजी न्हाईच."

नर्मदाबाई शिरड शहापूरला माहेरी गेली की खोकला थांबायचा, हिंगोलीला आली की सुरू व्हायचा. यावरून किसनरावानं ताडलं, की बाई माहेरासाठी खोकते. तसं त्यानं तिला तोंडावर सांगितलंही. नर्मदाबाईनं गाठोडं बांधलं.

"घराची ओल गेली तरच येईन," ती म्हणाली. "न्हाई तर तुमचं नाक अन् तुमचं घर, दोघं नांदा सुखानं."

ती गेल्यावर किसनराव स्वतः भाकरी थापू लागला. भाकरीला दुसऱ्याच दिवशी बुरशी यायची. त्यानं पिठाला शिव्या घातल्या. खरं सांगायचं तर त्याला करमत नव्हतं. पण तिला आणायला आपण होऊन जायचं म्हणजे नाक खाली करायचं, आणि त्याच्याजवळ दुसरं होतं काय?

दसऱ्याच्या तोंडावर मेव्हण्याचा, मुंजाजीचा, निरोप आला. घरातली ज्वारी सरली होती, नवी यायला अवकाश होता. पेव उघडायचं, दाजींनी हुंगायला यावं. किसनरावाला देवच पावला. त्यानं ट्रंकेतला ठेवणीतला कोट काढला, डोक्याला रुमाल बांधला आणि निघाला.

मुंजाजीच्या दारात घरचे सगळे जमले होते. नर्मदाबाई भिंतीला टेकून उभी होती. खोकत नव्हती, त्याच्याकडं बघतही नव्हती. मुंजाजीनं पेवाच्या तोंडावरचा धोंडा सरकवला. किसनराव गुडघ्यावर बसला, वाकला, आणि डोळे मिटून त्यानं हुंगलं. मग उठून धोतर झटकलं.

"गेली," तो म्हणाला. "पार तळापोतर बुरशी हाय."

मुंजाजीचं वर्षाचं खाणं होतं ते. दाजींच्या शब्दावर शंका घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

"जनावरांला तरी चालंल का, दाजी?"

"बैल तोंड लावनार न्हाई."

"एक टोपलं वर काढून तर पाहा," नर्मदाबाई म्हणाली.

पेवातलं कोंडलेलं वारं जाऊ दिलं. कंदील खाली सोडला, वात विझली नाही, तेव्हा थावरा नावाचा गडी आत उतरला. टोपलं वर आलं. ज्वारी खडखडीत होती. मुंजाजीनं दाणा दाताखाली धरला, तो कट्‌कन वाजला. किसनरावानं मूठभर ज्वारी नाकाशी नेली. वास होता. पुन्हा पेवावर वाकला. वास होताच.

"दाना चांगला दिसून राहिला," तो म्हणाला, "पर वास हाय."

नर्मदाबाई पुढं आली. "रुमाल काढा."

"सासुरवाडीत उघड्या डोक्यानं बसू?"

"कोटबी काढा."

तिचा आवाज वाढला नव्हता. त्यानं दोन्ही काढलं. "आता हुंगा," ती म्हणाली. तो वाकला. जुनी ज्वारी, कोरडी माती, थोडा कडुनिंबाचा पाला. आणखी काही नाही. मग तिनं रुमाल त्याच्या हातात दिला. "आता ह्यो हुंगा."

किसनरावानं हुंगला. कोटाची कॉलर उलटली, तर आतून ती नागनाथासारखीच हिरवी. लाजेनं त्याचे कान तापले. घरात नाकाला ज्याची सवय झाली होती, त्याच वासात ती एवढे दिवस खोकत होती, आणि आपण तिला नाटकी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "ओल हाय."

"पेवाला अशी ओल लागली तर काय करता?"

हे मात्र त्याला पाठ होतं. "रिकामं करायचं. तोंड उघडं ठेवायचं. पानी कुठून मुरतं ते पाहून बंद करायचं. खरवडून काढायचं, आत जाळ करायचा."

"मंग?" नर्मदाबाई म्हणाली आणि ज्वारी पाखडायला बसली.

किसनराव एकटाच परतला. त्यानं सगळं सामान रस्त्यावर काढलं. शेजाऱ्यांना वाटलं, घर विकलं. खिडक्यांच्या विटा पाडल्या. न्हाणीचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरत होतं, त्याला फरशीची मोरी करून बाहेर काढलं. काळा गिलावा विटेपर्यंत खरवडला, खोल्यांतून शेगड्या पेटवल्या, नागनाथांना उन्हात बसवलं. उघड्या खिडकीशी काठी घेऊन झोपू लागला. चोर काही आला नाही.

दिवाळी झाल्यावर मुंजाजीची दमणी दारात थांबली. नर्मदाबाई उतरली, पण उंबरठ्याच्या बाहेरच राहिली.

"रुमाल द्या," ती म्हणाली.

त्यानं काढून दिला. तिनं तो नाकाशी धरला आणि डोळे मिटले. किसनराव उघड्या डोक्यानं समोर उभा होता. पेवाच्या काठावर लोक आपल्या तोंडाकडं कसे बघत असतील, हे त्याला त्या दिवशी कळलं.

नर्मदाबाईनं डोळे उघडले. आत जाऊन रुमाल खिडकीच्या गजाला वाळत टाकला आणि पीठ कुठं ठेवलंय ते विचारलं.