सदतीस अंशांचा जिना

उखाने भर गल्लीत खडूने आडवा जिना आखला होता आणि रिक्षावाल्यांच्या शिव्या खात तिथेच उकिडवा बसला होता.

"अरे, दुकानात आख की," मी म्हणालो. माझी पिठाची गिरणी त्याच्या वेल्डिंगच्या दुकानासमोरच आहे.

"दुकानात मशीन, टेबल. जागा कुठंय, दत्तूभाऊ?"

आमच्या लिंबायत वस्तीतले निम्मे लोखंडी जिने उखाने केलेले. तरुणपणी हजीऱ्याच्या कारखान्यात वेल्डर असताना तिथल्या एका ड्राफ्ट्समनने त्याला काटकोन त्रिकोण शिकवला. उंचीला पायाने भागलं की टॅन मिळतो, त्यावरून चढाचा कोन कळतो. सातवी नापास गडी, पण टॅनचा तक्ता तोंडपाठ. आम्ही चिडवायचो, "उखा, बायकोच्या रागाचा कोन काढ." तो म्हणायचा, "नव्वद. त्याला टॅन नसतो."

दुकानावरच्या स्वतःच्या घराचा जिना मात्र त्याने फार उभा केला. उंची नऊ फूट, पाया चारच. सहासष्ट अंश, म्हणजे शिडीच म्हणा ना. खाली दुकानाला जागा उरावी म्हणून. तेव्हा त्याची बायको सुभद्राबाई डोक्यावर हंडा घेऊन तो सरसर चढायची आणि वरून आम्हालाच हसायची. काय दिवस होते ते. आठवलं की अजून जीव हरखतो.

मग तिचे गुडघे गेले. दीड वर्ष ती खाली उतरली नव्हती. गेल्या श्रावणात आमची देवी कानबाई विसर्जनाला तापीवर निघाली, सगळा खान्देश गल्लीत नाचला, आणि हिने खिडकीतून हात जोडले. "आते माले चार जनच उतारतीन," असं ती नवऱ्याला म्हणाली. त्या दिवशी उखा जेवला नाही.

"किती अंश धरलेस?" मी विचारलं.

"सदतीस. त्याहून उभा तिला झेपायचा नाही."

"म्हणजे पाया?"

"बारा फूट. लोखंड पंधरा."

त्याचं दुकान बरोबर बारा फूट लांब आणि जेमतेम पाच फूट रुंद. म्हणजे सगळं दुकान जिन्यातच जाणार.

"आणि धंदा?"

"कडोदऱ्याला एकाकडे रोजाने जाईन. तिला सांगू नका. पुढच्या गल्लीत गाळा घेतला म्हणून सांगितलंय."

साठीला आलेला माणूस. मला त्याचा रागच आला, खरं सांगतो.

यंदा कानबाईच्या विसर्जनाला सोमवारी सुभद्राबाई नव्या जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरली. नेसणं नवं, कपाळावर घाम. कानबाईला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि वळली. दुकान नव्हतंच. जिन्याखाली नुसती ठिणग्यांनी काळवंडलेली भिंत.

"मशीन कथा शे?"

"पुढच्या गल्लीत."

"माले शिकाडू नका." तिने भिंतीवरून हात फिरवला. "कसाले करं हाई?"

"तू उतरनी ना? बस."

वाजंत्री पुढे गेली. ती खालच्या पायरीवर बसली, जरा सरकली आणि त्याला जागा केली. बराच वेळ दोघं तिथेच होती. मी गिरणी सुरूच केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उखा डबा घेऊन कडोदऱ्याच्या रिक्षात बसला. त्याला निरोप द्यायला सुभद्राबाई गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आली होती.