राजाचा मुक्काम

रिटायर झाल्यावर माणसाने काय करावं, हे उज्जैनीत ठरलेलं आहे. सकाळी महाकाल, संध्याकाळी टावर चौक आणि मधल्या वेळात सुनेच्या भाजीला नावं. डॉक्टर यज्ञेश्वर पागनीसांनी यातलं काहीच केलं नाही. ते कादंबरी लिहायला बसले, तीही राजा-राणीची, जादूची. बायको गेली आणि डॉक्टरसाहेब सरकले, असं लोक मागून म्हणत. समोर म्हणायची हिंमत नव्हती, कारण अर्ध्या फ्रीगंज वस्तीच्या पोटातलं डॉक्टरांना माहीत होतं.

कादंबरीतल्या नगरीत नदी रात्री उलटी वाहायची, घाटावरचे दिवे आपसांत कुजबुजायचे. तिथला खरा राजा काळ. दुसऱ्या राजाने तिथे रात्र काढली, तर त्याची गादी गेलीच. हा नियम डॉक्टरांच्या डोक्यातला नव्हे, उज्जैनीचाच. इथे राजा एकच, महाकाल. म्हणून मंत्रीसुद्धा दर्शन घेऊन मुक्कामाला इंदूर गाठतात.

डॉक्टरांच्या राजाची राणी त्या नगरीत आजारी पडते. हलवू नका, असं वैद्य सांगतो. प्रधान म्हणतो, निघा, राज्य जाईल. राजा प्रधानाला हाकलतो आणि तिच्या उशाशी बसून राहतो. पहाटे त्याचा मुकुट माती होऊन खांद्यावर ओघळतो, आणि राणी उठून केस विंचरायला लागते.

आपल्या बायकोला, मंगलाताईंना, मात्र डॉक्टरांनी हलवलं होतं. दुखणं वाढलं की इंदूर, हा उज्जैनीचा दुसरा नियम. नोकरीभर डॉक्टरांनी कागदांवर तेच लिहिलं, आणि बायकोची वेळ आली तेव्हाही हात आपोआप तिकडेच गेला. "घरीच राहू द्या ना," ती म्हणाली होती. "बाबा, नका हलवू," मुलगा सुमीत म्हणाला होता. इंदूरच्या वाटेवर, सांवेरच्या अलीकडे, ट्रकांच्या रांगेत अडकलेल्या गाडीत ती गेली. त्यानंतर सुमीत बापाशी कामापुरतंच बोलायचा.

त्याने एकट्याने ही कादंबरी वाचली असती, तरी डॉक्टरांना पुरे होतं. त्यांनी बाड त्याच्यापुढे ठेवलंही. सुमीतने दोन पानं चाळली. "बाबा, तुमचं अक्षर फक्त केमिस्टला वाचता येतं. छापून आणा, मग वाचतो."

पुण्याच्या प्रकाशकांनी बाड परत पाठवलं. डॉक्टरी आठवणी लिहा, लगेच छापू, म्हणाले. राहिलं गावातलं मराठी मंडळ. तिथले अध्यक्ष भय्यासाहेब म्हणजे पणजोबांच्या पागोट्यावर अजून जगणारा माणूस. पणजोबा शिंदेशाहीत दफ्तरदार होते, आणि हे त्या दफ्तरावर बसून आहेत.

"डॉक्टर, पुस्तक छान आहे," भय्यासाहेब म्हणाले. "मी वाचलं नाही, आमच्या जयूने वाचून सांगितलं. पण तो राजा रात्री थांबतो म्हणे?"

"थांबतो."

"नाही थांबायला पाहिजे."

"ही उज्जैन नाही हो. मनातली नगरी आहे."

"नदी आहे, घाट आहे, काळ राजा आहे. लोकं काय घास खातात का, त्यांना कळणार नाही? दिवस खराब येऊन राहिलेत डॉक्टर, कुणाच्या भावना कधी दुखतील, काही भरोसा नाही. मंडळाच्या काचा फुटल्या तर कोण बघेल? दिवस मावळायच्या आत रवाना करा त्याला. उलटी नदी-बिदी राहू द्या, माझी काही हरकत नाही."

"मग राणी मरेल."

"मरू द्या की. कथेतलीच तर आहे. बायका रडतील, अजून चांगलं."

इथे उठायला हवं होतं. त्या पागोट्याच्या वारसाच्या तोंडावर बाड आपटून जिना उतरायला हवं होतं. पण डॉक्टरांनी बशीतला चहा संपवला आणि होकारार्थी मान हलवली. सुमीत छापलेलंच वाचणार होता ना!

बदलायचं शेवटचं प्रकरण. आधीची रात्र लिहायला महिने लागले होते. आता मात्र पेन धावत सुटलं, कारण हा रस्ता त्याच्या ओळखीचा होता. राणीला पालखीत घातलं. "इथेच राहू द्या ना," ती म्हणाली. हे वाक्य डॉक्टरांनी ठरवलं नव्हतं, ते आपसूक उतरलं. त्यांनी ते खोडलं नाही. वेशीबाहेर, अर्ध्या वाटेत, पालखी जड झाली.

पुस्तक निघालं. समारंभात भय्यासाहेब पणजोबांवर बोलले. मग प्रती मंडळाच्या कपाटात गेल्या. पाहुणा आला की त्याला नारळाबरोबर एक द्यायचे, शालीपेक्षा स्वस्त पडायचं. काच कुणाचीही फुटली नाही. फुटायला आधी कुणी वाचावं लागतं.

सुमीतने मात्र शब्द पाळला. टावर चौकात त्याचं केबलचं दुकान होतं, गावात घराघरांवर टीव्हीच्या छत्र्या उगवत होत्या, त्याला मरायला फुरसत नव्हती. एका दुपारी लाइट गेली आणि तो पुस्तक घेऊन बसला. डॉक्टर आतल्या खोलीत मटार सोलत होते, कान बाहेर.

"बाबा, ही आई आहे ना?"

"हो."

"आणि राजा तुम्ही."

डॉक्टर दारात येऊन उभे राहिले.

सुमीतने पानं उलटी फिरवली, पुन्हा पुढे आला. "नदी उलटी वाहवलीत. दिव्यांना बोलतं केलंत. सगळं तुमच्या हातात होतं. इथे घाई करणारं कुणी नव्हतं." त्याचा आवाज चढला नव्हता. "तरी नेलीतच तिला."

"आधी थांबवला होता रे राजाला."

"मग?"

"भय्यासाहेब नको म्हणाले."

बोलून झाल्यावर डॉक्टरांना स्वतःचं वाक्य ऐकू आलं.

लाइट आली, पंखा फिरायला लागला. सुमीतने पुस्तक टीव्हीवर ठेवलं, चपला घातल्या आणि दुकानावर निघून गेला.