पन्नास मिनिटांची वाट

“पिशवी हातात धरूनच काट्यावर उभ्या राहा, बाई,” कारकून सवयीने बोलून गेला, आणि आपण हे कुणाला सांगतो आहोत ते ध्यानात येताच ओशाळला.

कारण हे वाक्य गेली कित्येक वर्षे विमानतळावर वजनकाटा सांभाळणाऱ्या बाई, सगळ्यांच्या काटेबाईच, इतरांना ऐकवत आल्या होत्या. डोंगरापलीकडच्या विमानतळावर जाणारे विमान नऊ आसनांचे. त्यात सामानाबरोबर माणसेही तोलूनच चढवावी लागत. ऊन चढले की हवा विरळ होई, विमानाला पूर्वीइतका भार पेलवत नसे, आणि मग कुणाला तरी खाली ठेवावे लागे. ते अप्रिय काम बाईंचे. बडा अधिकारी असो की लग्नाला निघालेला नवरदेव, त्यांनी कुणाची गय केली नव्हती.

आज त्या स्वतः प्रवासी होत्या. पलीकडच्या गावी त्यांच्या धाकट्या भावाचे दुसऱ्या दिवशी सकाळी पोटाचे ऑपरेशन होते, आणि आईवडिलांमागे त्याला बहिणीवाचून कुणी नव्हते. विमानाने पन्नास मिनिटे. रस्त्याने डोंगराला वळसा घालून, वाटेत गाडी बदलून, सोळा तास.

वैमानिक घाम पुसत आत आला. “फार तापलंय. एक माणूस कमी करा.”

सारे एकमेकांकडे पाहू लागले. “माझ्याकडे काय बघताय?” अगडबंब ठेकेदार गरजला. “मी उतरलो तर विमान रिकामंच गेल्यासारखं होईल!”

हशा पिकला. कारकून मात्र बाईंच्या कानाशी लागला. “प्रत्येकाचं थोडंथोडं वजन कमी लिहितो. कुणाला कळतंय?”

“विमानाला कळतं. माझं नाव खोडा. कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या तिकिटावरचा माणूस आधी उतरतो, हा नियम मीच तुम्हाला शिकवला ना?”

“अहो, पण तुमचा भाऊ...”

“आत बसणारेही कुणाचे तरी भाऊच आहेत. वाद घालू नका. माझी पिशवी तेवढी मावते का बघा.”

पिशवी मावली. तिच्यात धुतलेल्या चादरी होत्या आणि त्यांत गुंडाळलेला भावाचा चहाचा कप.

एसटी सुटायच्या आत बाईंनी त्याला फोन लावला. “पिशवी पुढे येतेय. मी मागून.”

“तुला उतरवलं? कुणाची एवढी हिंमत?”

“माझीच.”

तो हसला, मग म्हणाला, “ताई, आठला आत नेणारेत गं.”

“आठच्या आत येते. उगाच घाबरून डॉक्टरांचं डोकं खाऊ नकोस.”

वाटेत बदलायची संध्याकाळची गाडी गाठली तरच ते शक्य होते. ती चुकली तर पुढची थेट पहाटे. म्हणून घाटाच्या पायथ्याशी चालकाने चहासाठी गाडी थांबवली, तेव्हा बाई दारातच उभ्या राहिल्या. “चला, आटपा! कप हातात घेऊन चढा. सांडला तर मी पुसते.” त्या आवाजात असे काही होते की चालकसुद्धा अर्धा चहा टाकून मुकाट्याने जागेवर येऊन बसला.

घाटाच्या मध्यावर फोन वाजला.

“ताई, पिशवी आली. कप शाबूत आहे. तू कुठवर आलीस?”

बाईंनी खिडकीतून पाहिले. खाली, वळणापलीकडे, विमानतळाचे पत्रे आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी ती नारिंगी पिशवी अजून स्पष्ट दिसत होती.

“अर्ध्या वाटेत,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा मागे न पाहता चालकाच्या पाठीमागच्या आसनावर जाऊन बसल्या.